दोन तासांची तपासणी पूर्ण दोन तास होऊ द्या

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

आपल्या दैनिकाच्या ग्रामीण पानावर गावोगावच्या मधुमेह तपासणी शिबिरांच्या बातम्या येत असतात. शिबिरे भरतात ही चांगलीच गोष्ट आहे. पण बहुतेक बातम्यांत एक वाक्य ठरलेले असते: उपाशीपोटी रक्तातली साखर तपासली, बहुतेकांची नॉर्मल निघाली. ते वाचून गावातला माणूस वर्ष-दोन वर्षांसाठी निर्धास्त होतो. माझे म्हणणे असे की आपल्या भागात, आणि त्यातही गरोदर बायांच्या बाबतीत, उपाशीपोटीच्या एका आकड्यावर निर्धास्त राहता येत नाही. ग्लुकोजचे पाणी पाजून दोन तासांनी रक्त तपासायची जी पद्धत आहे, ती पूर्ण वेळ देऊन, नीट झाली पाहिजे. ती तशी होत नाही, आणि का होत नाही हे मी फार जवळून पाहिले आहे.

चंद्रपूर जिल्ह्याच्या धानपट्ट्यात, नागभीड-सिंदेवाहीकडच्या गावांत मी प्रयोगशाळा तंत्रज्ञ म्हणून नोकरी केली. आता निवृत्त आहे. मी डॉक्टर नाही, औषध सांगण्याचा माझा अधिकार नाही. पण रक्ताच्या नळ्या हाताळण्यात आयुष्य गेले, आणि या तपासणीच्या वेळी शरीरात काय घडते ते मी वाचून समजून घेतले आहे. बायांना ते कोणी सांगतच नाही. म्हणून त्यांना ते दोन तास फुकट गेल्यासारखे वाटतात. "कायले बसवून ठेवता जी? रक्त आत्ताच घ्या ना," हे मी रोज ऐकत असे. त्यात त्यांची चूक नाही. रोवणीच्या दिवसांत दोन घंटे म्हणजे अर्ध्या दिवसाची मजुरी.

आधी साधा हिशेब सांगते. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असते. उपाशीपोटी त्या सगळ्या रक्तात मिळून ग्लुकोज असते जेमतेम पाच ग्रॅम, म्हणजे एक चहाचा चमचा. तपासणीसाठी आपण पाजतो ७५ ग्रॅम, म्हणजे रक्तात आहे त्याच्या पंधरा पट. तरीही निरोगी माणसाची साखर दोन तासांनी दर १०० मिलिलिटर रक्तात १४० मिलिग्रॅमच्या आत येते. एवढी साखर शरीराने कुठे आणि कशी जिरवली, हीच खरी परीक्षा आहे. उपाशीपोटी ही परीक्षा होतच नाही.

आपल्याला वाटते की साखर रक्तात चढते, मग स्वादुपिंडाला (पँक्रियाजला) ते कळते आणि मग ते साखर उतरवणारे इन्सुलिन सोडते. हे खरे आहे, पण अर्धेच. स्वादुपिंडाला खबर आतड्याकडूनही जाते. ग्लुकोजचे पाणी पोटातून लहान आतड्याच्या वरच्या भागात उतरले की तिथल्या अस्तरातल्या 'के' पेशी जीआयपी नावाचे संप्रेरक (हार्मोन) रक्तात सोडतात. आतड्याच्या खालच्या भागात 'एल' पेशी जास्त असतात, त्या जीएलपी-१ सोडतात. काही मिनिटांतच ही दोन्ही संप्रेरके स्वादुपिंडापर्यंत पोचतात. गोसेखुर्दचे दरवाजे उघडायच्या आधी वैनगंगेकाठच्या गावांना सतर्कतेचा इशारा जातो, तसेच हे आहे. साखरेचा लोंढा पुरता यायच्या आत स्वादुपिंड तयारीत असते.

स्वादुपिंडात पेशींची लहान लहान बेटे आहेत. १८६९ साली पॉल लँगरहान्स या जर्मन विद्यार्थ्याने ती सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, म्हणून ती त्याच्या नावाने ओळखली जातात. या बेटांतल्या बीटा पेशींमध्ये इन्सुलिन तयार करून साठवलेले असते. ग्लुकोज पेशीत शिरून जळू लागले की पेशीच्या भिंतीतले पोटॅशियमचे मार्ग बंद होतात, कॅल्शियम आत येते आणि साठवलेले इन्सुलिन बाहेर पडते. जीएलपी-१ आणि जीआयपी या कामाला जोर देतात. मात्र रक्तात साखर वाढलेली असेल तरच, आणि ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. साखर खाली आली की त्यांचा जोर आपोआप ओसरतो, म्हणून निरोगी माणूस गोड खाऊन चक्कर येऊन पडत नाही.

त्याच बेटांत अल्फा पेशी असतात, त्या ग्लुकागॉन सोडतात. ग्लुकागॉनचे काम उलट: उपाशी असताना यकृताला साठ्यातली साखर रक्तात सोडायला लावणे. रात्रभर काही न खाता आपण सकाळी उठून आडावर पाणी भरायला जाऊ शकतो, ते या ग्लुकागॉनमुळे. जेवण झाले की ते कमी झाले पाहिजे, म्हणजे यकृत साखर सोडणे थांबवते. मधुमेहात नेमके इथेही बिघडते. इन्सुलिन उशिरा आणि अपुरे येते, ग्लुकागॉन कमी व्हायला पाहिजे तेव्हा होत नाही. बाहेरून जेवणाची साखर येत असते आणि आतून यकृतही सोडत राहते.

आतड्याचा हा वाटा शास्त्रज्ञांना कसा कळला, ते सांगण्यासारखे आहे. १९६० च्या सुमारास रोझलिन यालो आणि सॉलोमन बर्सन यांनी रक्तातले इन्सुलिन मोजायची पद्धत काढली. यालोंना त्यासाठी १९७७ चे नोबेल मिळाले. बर्सन तोवर हयात नव्हते. इन्सुलिन मोजता येऊ लागल्यावर १९६४ साली संशोधकांनी माणसांना एकदा ग्लुकोज आतड्यातून दिले आणि एकदा शिरेतून. शिरेतून दिले तेव्हा रक्तातली साखर जास्त चढली, पण इन्सुलिन जास्त आले ते आतड्यातून दिले तेव्हा. निरोगी माणसात ग्लुकोज प्यायल्यावर येणाऱ्या इन्सुलिनचा निम्मा किंवा त्याहून मोठा भाग आतड्याच्या संप्रेरकांमुळे येतो, हे पुढे सिद्ध झाले. १९८६ साली जर्मनीतल्या मायकेल नाउक यांनी दाखवले की टाइप २ मधुमेह असलेल्यांत हा आतड्याचा हातभार बराच घटलेला असतो.

आता सांगा, जिथे बिघाड सुरू होतो ती गोष्टच ग्लुकोज पोटात गेल्याशिवाय दिसत नाही, तर उपाशीपोटी टोचलेल्या सुईत ती कशी दिसणार? सुरुवातीला जेवल्याबरोबर येणारी इन्सुलिनची पहिली लाट मंदावते. रात्रभराच्या उपासात मात्र थोडक्या इन्सुलिनवरही भागते. म्हणून उपाशीपोटीचा आकडा पुष्कळ दिवस चांगलाच येत राहतो.

गरोदरपणात हे आणखी स्पष्ट होते. वार (प्लेसेंटा) स्वतःची संप्रेरके सोडते, त्यामुळे आईच्या शरीरावर इन्सुलिनचा परिणाम कमी होत जातो. बाळाला साखर मिळावी म्हणून निसर्गाची ही सोय आहे. त्याची भरपाई म्हणून आईच्या स्वादुपिंडाला दुपटीच्या आसपास इन्सुलिन तयार करावे लागते. जिचे स्वादुपिंड आधीच काठावर आहे, तिला पाचव्या-सहाव्या महिन्यात ते झेपत नाही. आईची साखर वारेतून बाळाकडे जाते, पण इन्सुलिन जात नाही. मग बाळाचे स्वादुपिंड स्वतः जास्त इन्सुलिन काढू लागते आणि बाळ चरबीने वाढते. जन्मल्यावर नाळ कापली की आईकडून येणारी साखर बंद होते, बाळाचे इन्सुलिन मात्र चालूच असते. अशा बाळाची साखर पहिल्या काही तासांत धोकादायक खाली जाऊ शकते. गावातल्या उपकेंद्रात ही गोष्ट कोणाच्या लक्षात येणार, जर आईची तपासणीच झालेली नसेल?

एक बाई माझ्या डोळ्यांसमोर आहे. सहावा महिना, अंगाने काडी, हातावर रोवणीच्या चिखलाने फाटलेल्या भेगा. शिबिरात तिची उपाशीपोटीची साखर ८६ आली होती, त्याचा कागद तिने पदराला बांधून आणला होता. "माही शुगर नाही जी," म्हणाली. मी स्टीलच्या ग्लासात पाणी घेऊन ग्लुकोजचे पाकीट सोडले, पाणी निवळेपर्यंत ढवळले. तिने दोन घोट घेऊन तोंड वाकडे केले, मग नाक धरून सगळे संपवले. दोन तास ती भिंतीला टेकून बसली. तिचा आकडा आला १७२. गरोदरपणात १४० किंवा त्याच्या वर आला की मधुमेह धरायचा, असे केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट आहे. डॉक्टरांनी तिला आहार समजावला, दर पंधरा दिवसांनी बोलावले, बाळ सुखरूप झाले.

पण पहिले बाळंतपण म्हणून ती माहेरी गेली होती. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी हीच तपासणी पुन्हा करायची असते, कारण गरोदरपणात मधुमेह झालेल्या बाईला पुढे कायमचा मधुमेह होण्याचा धोका खूप जास्त असतो. माहेरच्या केंद्राला तिची आधीची नोंद माहीत नव्हती. सासरच्या केंद्राने ती बाहेरगावी गेल्याची नोंद करून पान उलटले. काही वर्षांनी ती पायाची जखम भरत नाही म्हणून आली, तेव्हा साखर तीनशेच्या वर होती. तिचा दोष कुठे होता? दोन नोंदवह्यांच्या मध्ये तिला कोणी विचारलेच नाही.

"मधुमेह जाड्या माणसांचा, बसून खाणाऱ्यांचा" हा समज आपल्याकडे अजून पक्का आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या खेड्यांत माता आणि बाळांचा वर्षानुवर्षे अभ्यास केला. तिथली बाळे जन्मताना सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनची ३.५ किलोची. आपली बाळे दिसायला बारीक, पण त्यांच्यात कमतरता स्नायूंची होती, चरबी त्या मानाने राखलेली होती. ग्लुकोज जिरवायचे मोठे ठिकाण स्नायूच. म्हणून बारीक बाईला बघून तिची साखर ठरवू नका, एवढेच मला सांगायचे आहे.

आता तपासणी कशी बिघडते तेही लिहिते, कारण ते छापून आले तर उपयोग होईल. दुकानातली ग्लुकोजची पावडर चमच्याने अंदाजे घालतात. त्या पावडरीत बहुधा पाण्याचा अंश असलेले ग्लुकोज असते, त्याचे ८२.५ ग्रॅम घेतले तर ७५ ग्रॅमचे काम होते. संत्र्याच्या चवीच्या डब्यात तर साधी साखरही मिसळलेली असू शकते. म्हणून मोजलेले ७५ ग्रॅमचे पाकीटच हवे, सुमारे ३०० मिलिलिटर पाण्यात, आणि ते पाच-दहा मिनिटांत संपवायला हवे. घोट घोट करत अर्धा तास प्यायले तर आतड्यात साखर हळूहळू उतरते आणि आकडा फसवतो. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर तपासणी दुसऱ्या दिवशी पुन्हा करायची. गरोदर बाईसाठी या तपासणीला उपाशी असण्याची अट नाही, ही सूचना खेड्यासाठी फार सोयीची आहे, पण ती पुष्कळांना ठाऊकच नाही.

दोन तास बसणेही महत्त्वाचे. बाया मधल्या वेळेत घरी जाऊन चूल पेटवून, पाणी भरून परत येतात. चालताना पायांचे स्नायू इन्सुलिनच्या मदतीशिवायही रक्तातली साखर ओढून घेतात. तब्येतीला ते उत्तमच, जेवणानंतर चालावे ते याचसाठी. पण तपासणीत त्यामुळे खरा आकडा झाकला जातो. तोंडात खर्रा किंवा तंबाखूही नको.

आणि नळी. केंद्रावर ग्लुकोमीटर नसला की रक्त तालुक्याला पाठवतात. साध्या नळीत रक्तपेशी जिवंत असतात आणि त्या ग्लुकोज खात राहतात. तासाला पाच ते सात टक्के साखर अशीच कमी होते, उन्हाळ्यात त्याहून जास्त. चंद्रपूर-ब्रह्मपुरीचा मे महिना सगळ्या देशाला माहीत आहे. दुचाकीच्या डिकीत तीन तास फिरलेल्या नळीत १५५ ची साखर १३० होऊन निघाली तर त्या बाईला 'नॉर्मल' म्हणून घरी पाठवतील. साखरेसाठी राखाडी टोपणाची, फ्लोराइडची नळीच वापरावी आणि शक्य तर जागेवरच मोजावे.

कोणी म्हणेल, तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी आहे ना, त्यात बसायचेही काम नाही. इतर ठिकाणी ती चांगली आहे. आपल्या पट्ट्यात सावध राहावे लागते. ती तपासणी हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर मोजते, आणि तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते हे त्यात गृहीत असते. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या रुग्णाची पेशी दहा-वीस दिवसांतच मोडते. तिला साखर चिकटायला वेळच मिळत नाही आणि आकडा खोटा कमी येतो. सिकलसेलचा वाहक असेल तर कोणत्या यंत्रावर तपासले त्यावरही फरक पडतो. लोहाच्या कमतरतेने उलट आकडा वाढू शकतो. चंद्रपूर, गडचिरोली, गोंदिया, भंडारा या जिल्ह्यांत सिकलसेल आणि रक्तक्षय दोन्ही घरोघरी आहेत. म्हणून एचबीए१सीच्या कागदावर सिकलसेलची नोंद असल्याशिवाय तो पूर्ण मानू नये. ज्याच्याकडे सिकलसेलचे कार्ड आहे, त्याने ते लॅबमध्ये आपणहून दाखवावे.

याच ओघात सलाईनबद्दल लिहिणे मला भाग आहे. कमजोरी वाटली की "एक बाटली लावून द्या ना जी" ही आपल्याकडची मागणी. पाच टक्के ग्लुकोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत ग्लुकोज असते २५ ग्रॅम, पाच-सहा चमचे. त्यातून मिळणारी ताकद एका भाकरीइतकीही नाही. आणि ते थेट शिरेत जात असल्याने वर सांगितलेली आतड्याची खबर स्वादुपिंडाला जात नाही. ज्याला आपला मधुमेह माहीत नाही, त्याची साखर मोजल्याशिवाय अशी बाटली चढवणे म्हणजे त्याच्यावर संकट आणणे आहे. हगवण-उलट्यांनी पाणी आटले असेल, माणूस शुद्धीवर नसेल, तर सलाईन जीव वाचवते, त्यावर वाद नाही. बाकी वेळी पैसे घेऊन बाटली लावणाऱ्यांनी आधी बोटातून एक थेंब रक्त घ्यावे, एवढी अपेक्षा गैर नाही.

वजन कमी करण्याच्या नव्या इंजेक्शनांबद्दलही हल्ली खेड्यात विचारतात. ती याच आतड्याच्या संप्रेरकांवरून तयार झाली आहेत. शरीरातले जीएलपी-१ दोन मिनिटांतच निकामी होते, म्हणून टिकणारे रूप शोधावे लागले. त्यातले पहिले औषध अमेरिकेतल्या गिला मॉन्स्टर या विषारी सरड्याच्या लाळेतल्या द्रव्यावरून निघाले आणि २००५ मध्ये मान्य झाले. मार्च २०२५ मध्ये भारतात आलेले टिर्झेपटाइड जीएलपी-१ आणि जीआयपी दोन्हींचे काम करते. मोठे शोध आहेत. पण ते डॉक्टरांच्या देखरेखीचे काम आहे, दुकानातून मागून घ्यायचे नाही.

घरच्या घरी करण्यासारखी एक गोष्ट मात्र बिनखर्चाची आहे. आपल्याकडे ताटात भाताचा डोंगर आणि कडेला वरण. आधी भाजी, लाखोळीचे किंवा तुरीचे घट्ट वरण, असेल तर अंडे किंवा मासोळी खावी आणि भात शेवटी, थोडा कमी घ्यावा. डाळ आणि भाजी आधी पोटात गेली की जीएलपी-१ लवकर सुटते, पोट सावकाश रिकामे होते आणि भाताची साखर एकदम चढत नाही. ताट तेच, क्रम बदलायचा.

जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे माझ्या मागण्या साध्या आहेत. दर महिन्याच्या ९ तारखेला पंतप्रधान सुरक्षित मातृत्व अभियानात गरोदर बाया केंद्रावर येतातच. त्या दिवशी सावलीत बाक, पंखा, पिण्याचे पाणी, भिंतीवर चालू घड्याळ आणि पुरेशी ग्लुकोजची पाकिटे ठेवा. प्रत्येक बाईच्या माता-बाल संरक्षण कार्डावर ग्लुकोज प्यायल्याची वेळ आणि रक्त घेतल्याची वेळ, दोन्ही लिहा. पहिली तपासणी नोंदणीच्या वेळी आणि दुसरी २४ ते २८ आठवड्यांत, अशी दोनदा झालीच पाहिजे. जिचा आकडा १४० किंवा त्याहून जास्त आला, तिच्या माहेरच्या आणि सासरच्या दोन्ही आशाताईंचे फोन नंबर त्याच कार्डावर असू द्या, म्हणजे सहा आठवड्यांची तपासणी कोणीतरी करेल. आणि रोवणीच्या महिन्यांत तपासणी सकाळी सातला सुरू करा. नऊला सुटलेली बाई साडेनऊपर्यंत धानाच्या बांधीत पोचते आणि तिची मजुरी बुडत नाही.

आपली नम्र,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ
ता. नागभीड, जि. चंद्रपूर